व्हेपर डेन्सिटीचा आकडा

इंटर सायन्सला माझ्या बाकावर आमच्या कोळणीची मुलगी बसायची. तिची आई रोज सकाळी कफ परेडच्या वस्तीतून टोपली घेऊन गिरगावात आमच्या दारी येई. मासळीवाचून आमच्या घरात घास उतरत नसे, पण मासळीवालीला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. आणि तिची पोर सहामाहीला केमिस्ट्रीत माझ्या पुढे गेली. माझा तिळपापड झाला. ती बाकावर आली की मी नाकाला रुमाल लावायचे. तिला कसलाही वास येत नसे. मला ते पक्कं माहीत होतं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. एका हरताळाला बसगाड्या बंद पडल्या आणि तिला कॉलेज गाठता आलं नाही. आम्ही गिरगावातली पाचसहा जणं चालत पोचलो, आणि सरांनी हट्टानं तास घेतला. एम्पिरिकल फॉर्म्युला फक्त प्रमाण सांगतो, ते म्हणाले. एका कार्बनला दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, सीएचटूओ, एवढंच. खरा रेणू त्याच्या किती पट, हे रेणुभारावरून ठरतं, आणि व्हेपर डेन्सिटीची, म्हणजे बाष्पघनतेची, दुप्पट केली की रेणुभार मिळतो. सीएचटूओचा भार तीस; त्याची एकपट म्हणजे फॉर्मल्डिहाइड, दुप्पट, साठ, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, सहापट म्हणजे ग्लुकोज.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "काल काय शिकवलं गं? मला समजावशील?" पुस्तक तिच्याकडे नव्हतं आणि लायब्ररीतल्या प्रतीचा नंबर लागत नव्हता.

"समजावते की," मी म्हटलं.

मी तिला टक्केवारीला अणुभारानं भागायला शिकवलं. सीएचटूओ तिनं चुटकीसरशी काढलं. मग गणितातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आणि ही व्हेपर डेन्सिटी तीस दिलीय, ती कशाला?"

"ती फसवायला घालतात. तिकडे बघायचंच नाही."

तिनं मान डोलावली. आदल्याच आठवड्यात मोर्चात आम्ही दोघी हातात हात घालून घसा फुटेपर्यंत घोषणा देत होतो. ती मला आपली समजत होती.

दुसऱ्या सकाळी तिच्या आईनं वाट्यावर एक पापलेट जास्त ठेवलं. "बाय, तू माज्या पोरीला शिकवतंस. ह्ये तुजं." मग ते रोजचंच झालं. आई ते खरपूस तळायची आणि मी काटे चोखून खायचे. एकही घशात अडकला नाही.

वार्षिक परीक्षेला नेमकं तेच गणित आलं. बाहेर आल्यावर तिनं हसत विचारलं, "सीएचटूओच ना गं?"

"हो," मी म्हटलं. मी पेपरात त्याची दुप्पट करून आले होते.

तिचं मेडिकल हुकलं, त्या एका प्रश्नाच्या गुणांनी. मला परळच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. खरं सांगते, मला आनंद झाला, आणि तो बरेच दिवस टिकला. डिसेक्शन हॉलमध्ये प्रेतं फॉर्मलिनमध्ये ठेवलेली असत. फॉर्मलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड. कितीही साबण लावला तरी हाताचा वास जात नसे. तो वास तिच्या चुकलेल्या उत्तराचा होता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यानंतर कोळणीचे गुडघे गेले. एका सकाळी मी दार उघडलं तर टोपली घेऊन तिची मुलगी उभी होती. वर्षभर मला अगं-तुगं करणारी खाली बसली, वाटा लावला आणि मी ताट पुढे केल्यावर थांबली.

"ताई, तुमच्या हाताला वास येतो."

मी एक हात पदराला पुसला.

"फॉर्मल्डिहाइडचा. त्याची व्हेपर डेन्सिटी पंधरा असते. पेपरात तीस होती. निकालानंतर लायब्ररीत जाऊन बघितलं मी."

मग तिनं टोपलीतलं एक मोठं पापलेट उचलून माझ्या ताटात ठेवलं. "हे आईकडून. तुमच्यामुळे पोर एवढी तरी शिकली म्हणते. तिला मी काही सांगितलं नाही."

ती टोपली डोक्यावर घेऊन जिना उतरली. आतून आईनं विचारलं, "वरचं पापलेट दिलं का गं तिनं?"

"हो," मी म्हटलं.