फसणाऱ्याला पहिला शिरा

"सगळं ठीक चाललंय" हे वाक्य डॉक्टरीणबाईंना सहन होत नसे. वीस वर्षं इंग्लंडच्या हॉस्पिटलांत भूल देण्याचं काम केल्यावर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी पक्की नोकरी सोडून त्यांनी केंब्रिजबाहेर एका शेडमध्ये कंपनी काढली. तान्ह्या बाळांना थेंब थेंब औषध देणारा पंप बनवायचा, हा एकच ध्यास. आम्ही नऊ जण होतो. मी दोन हजार चारच्या सुमारास पुण्याहून आलेली, त्यांच्या कंपनीच्या वर्क परमिटवर.

दर शुक्रवारी त्या घरून शिऱ्याचा डबा आणत. आठवड्यात ज्याचा प्रयोग सपशेल फसला, त्याला पहिली वाटी. अट एवढीच, की काय फसलं ते त्यानं स्वतः सगळ्यांना सांगायचं. माझं पालुपद नेहमीचं: ठीक आहे. "ठीक आहे? मग आठवडाभर केलंस काय?" असं म्हणून त्या मला तळाची खरवड वाढत. आमचा मेकॅनिक पीटर शिऱ्यासाठी मुद्दाम मोडतोड करतो, अशी मला दाट शंका होती. पण नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पंप आपोआप थांबावा, ही कल्पना त्याच्याच एका मोडतोडीतून निघाली. मला मात्र ते जमेना. जन्मभर पहिला नंबर काढलेली मी, चारचौघांत चूक सांगायची म्हणजे जिवावर येई.

मग तो शुक्रवार आला. सोमवारी पंप ट्रायलसाठी हॉस्पिटलला जायचे होते. मी सॉफ्टवेअर बदललं होतं आणि जुनीच चाचणी पुरेल म्हणून पुन्हा घेतली नव्हती. सकाळी सहज घेतली, तर बॅटरी उतरली तरी अलार्म वाजेना. सांगितलं तर ट्रायल बुडणार, कदाचित कंपनीही, आणि मला परतीचं विमान. चार वाजता डबा उघडला तशी उभी राहिले आणि सांगून टाकलं.

बाईंनी वाटी माझ्या हातात दिली. "बाळाला लावायच्या आधी सांगितलंस. खा." मग सगळ्यांसमोर हॉस्पिटलला फोन करून म्हणाल्या, चूक आमची आहे, पंप येणार नाहीत. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. इतकं मोठं मन मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ट्रायल लांबली तसा कंपनीत पैसे लावणारा गुंतवणूकदार थांबला नाही, त्यानं पैसे काढून घेतले. तीन महिन्यांत कंपनी बंद झाली आणि बाई पुन्हा हॉस्पिटलात भूल द्यायला लागल्या. जाण्याआधी त्यांनी मला दुसऱ्या नोकरीसाठी शिफारसपत्र दिलं. त्यात अलार्मची हकिगत पहिल्या ओळीपासून होती.

"अहो मॅडम, हे कशाला लिहिलंत? कोण घेईल मला?"

"ज्याला हे वाचून तू नको असशील," त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे मी तुला पाठवणार नाही."

ते पत्र वाचूनच मला नोकरी मिळाली.