मीनपाट्टीची तोट्टी

२३ नोव्हेंबर. मीनतोट्टीचं पाणी बदलत होते. मीनतोट्टी म्हणजे आमच्या हॉलमधली माशांची काचेची टाकी. एरवी हे काम मी कॉफी निवेपर्यंत उरकते. या वेळी नळीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून पाणी अगदी सावकाश काढावं लागत होतं, कारण आत डिस्कस माशांची पिल्लं होती, जिऱ्याएवढी, आणि उघड्या नळीने ती पाण्याबरोबर बादलीत आली असती.

तेवढ्यात पापनाशमहून कुट्टिकाकांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी आत्याचं वर्षश्राद्ध होतं. काका तिचे धाकटे भाऊ, श्राद्ध तेच करणार होते, आणि ते इथे तंजावरला, तिच्याच घरात, वाध्यारांना, म्हणजे भटजींना, बोलावून, असं ठरलेलं होतं.

"वाध्यार म्हणतात, ती तोट्टी आणि तो किड्यांचा फ्रिज घरात असताना श्राद्धाचा स्वयंपाक होणार नाही," काका म्हणाले. "मी संध्याकाळी माणूस पाठवतो. मासे घेणारा तो. सगळंच घेऊन जाईल. असं कोणी घरात ठेवत नाही, सुधा."

हातात नळी आहे, नंतर बोलते, असं सांगून मी फोन ठेवला.

"असं कोणी करत नाही" हे वाक्य या हॉलमध्ये पुष्कळ जणांनी म्हटलेलं आहे. त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं असे. चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, "कोण करत नाही? नाव सांग." समोरच्याला एकही नाव सांगता येत नसे. मग ती म्हणायची, "नाव नाही, तर लाइन लागत नाही," आणि आपल्या कामाला लागायची.

ही लाइन तिच्या नोकरीतली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिचं आयुष्य गेलं. आधी कानाला हेडफोन लावून जोडण्या देत होती, नंतर जोडण्या देणाऱ्या मुलींवर सुपरवायझर होती. लग्न केलं नाही. का केलं नाही, हेही लोक विचारत, आणि त्यांनाही ती मुलाचं नाव विचारी. निवृत्त झाल्यावर तिने काशीला जावं, निदान तिरुवैयारुला कुणाकडे तरी गाणं शिकावं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. तिने टाकी आणली. घरात ती टेलिफोनआत्या होती. थोड्याच दिवसांत गल्लीतली तमिळ पोरं तिला मीनपाट्टी म्हणायला लागली, माशांची आजी. तिला ते नाव आवडलं असावं. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ती तेच सांगायची.

मी पुण्यात लग्न होऊन गेले आणि बऱ्याच वर्षांनी नवऱ्यासकट परत आले. इथे औषधांचं दुकान घातलं आणि आत्याच्याच घरात राहिले. मी लिहिते ती पुण्याची मराठी. आत्याची मराठी आमची तंजावरची जुनी, तमिळच्या चालीवर चालणारी. "मी करितें, तू बघ" हे तिचं वाक्य मी रोज ऐकलं. बघून बघून मी करायला शिकले.

डिस्कस हा मासा ताटलीसारखा गोल आणि चपटा. रंग असे की माणूस दारातच थांबतो. पण त्याची खोड मोठी आहे. त्याला पाणी ऊन लागतं, मऊ लागतं, आणि सतत स्वच्छ लागतं. ऊन पाण्याची तंजावरला काळजी नाही. मऊ पाण्याची आहे. आमच्या नळाच्या, म्हणजे बोअरच्या, पाण्याने कुकरला आतून पांढरा थर चढतो, ते पाणी या माशाला चालत नाही. म्हणून मासे विकणारे सांगतात की डिस्कस ठेवायचे तर टाकी रिकामी ठेवा. खाली वाळू नको, झाड नको, नुसती काच. घाण दिसली की पुसून काढायची.

तिरुचीच्या दुकानदाराने आत्याला माझ्यादेखत हेच सांगितलं होतं.

"झाडं लावलेल्या टाकीत डिस्कस टिकणार नाहीत, अम्मा. टिकले तरी पिल्लं देणार नाहीत. असं कोणी करत नाही."

"माझे मासे आजारी नाहीत," आत्या म्हणाली. "त्यांना आस्पत्रीत ठेवायला नक्को. झाडं लावणार, आणि त्याच तोट्टीत पिल्लं काढून तुला दाखवणार."

"दाखवा, अम्मा. मी दुकान बंद करून बघायला येईन."

"दुकान बंद करू नकोस. माझं पाणी चांगलं नाही निघालं तर औषध तुझ्याकडेच घ्यायचं आहे."

तिने वाळू घातली, वाकडंतिकडं लाकूड ठेवलं, लाकडाला जाड पानांची झाडं बांधली, मागे लांब गवत लावलं. समोरच्या रस्त्यावर बदामाचं झाड आहे. त्याची गळलेली पानं ती रोज सकाळी वेचायची, धुऊन वाळवायची आणि पाण्यात टाकायची. त्याने पाणी माशांना मानवतं, पण रंग चहासारखा होतो. पाहुणे म्हणत, पाणी घाण झालंय. ती म्हणे, "कॉफीचं डिकॉक्शन आहे. दूध घालू?" रस्ता झाडणारी बाई तिच्यासाठी पानांचा ढीग बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "मीनपाट्टी, अर्धा पगार तुमचा."

मऊ पाणी म्हणजे पावसाचं. ऐप्पसी-कार्तिगैचा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, पाऊस सुरू झाला की आत्या मोट्टमाडीवर, म्हणजे गच्चीवर, पन्हळीखाली पिंप लावायची. पहिलं पाणी सोडून द्यायची, मग भरून घ्यायची. पण पिंप एकच होतं. निम्मं पावसाचं आणि निम्मं नळाचं करून ती भागवायची. मोठ्या माशांना तेवढं पुरे. अंड्यांना पुरत नसे. टाकीत तिने मातीचा एक कूजा उपडा ठेवला होता. नर आणि मादी त्याच्यावर अंडी घालत, पंखांनी वारा घालत, राखण करत. दोन-तीन दिवसांत अंडी पांढरी पडत. मग मासेच ती खाऊन टाकत. आत्या बघत बसायची आणि म्हणायची, "पहिलटकर आहेत." पाच-सहा वेळा झाल्यावरही पहिलटकरच.

आमच्या घरात ठरावीक दिवशी कांदासुद्धा चिरत नाहीत. अशा घरात तिने गोठवलेल्या लाल अळ्या आणल्या. माशांचं ते खाणं. स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवू देणार नाहीत, हे तिला माहीत होतं. तिने एक लहान फ्रिज घेतला आणि हॉलच्या कोपऱ्यात तोट्टीशेजारी ठेवला. कुट्टिकाका त्या फ्रिजला वळसा घालून चालत. एकदा आजोबांच्या श्राद्धाला आले तेव्हा त्यांनी विषय काढला. आत्या तेव्हा केळीच्या पानावर कावळ्याचा भात घेऊन गच्चीवर निघाली होती. हे ती रोजच करायची. जेवायच्या आधी कावळ्याला भात आणि त्याच्या आधी माशांना अळ्या.

"अक्का, पितर येतात त्या घरात हे बरं नाही," काका म्हणाले.

"पितर कशाच्या रूपाने येतात रे कुट्टी?"

"कावळ्याच्या."

"मग कावळा काय काय खातो ते वरती जाऊन त्याला विचार, आणि खाली येऊन मला सांग."

काका वर गेले नाहीत. बायकांनी पदर तोंडाला लावले. श्राद्ध झालं, जेवणंही झाली.

तोट्टीवर प्रेम करणाऱ्यांचाही तिला त्रास होता. नवरात्रात आमच्याकडे कोलु असतो, पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. आत्या तोट्टीच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या करायची, म्हणजे मासे मधोमध. एका वर्षी शेजारच्या मामींनी मत्स्यावतार समजून चिमूटभर हळद, कुंकू आणि वर विभूती पाण्यात सोडली आणि हात जोडले. विभूती म्हणजे राख. मऊ पाण्यात राख पडली की माशांच्या जिवावर येतं. आत्याने मामींना सुंडल, म्हणजे प्रसादाची उसळ, दिलं, दारापर्यंत सोडलं, आणि दार लावून निम्मं पाणी बाहेर काढलं. पुढच्या वर्षी त्याच मामी आल्या तेव्हा त्यांच्या हातात हळदीकुंकवाची वाटी दिसताच म्हणाली, "मामी, माझ्या माशांचं लग्न माझ्याआधी लावू नका." मामी अजूनही हे सगळीकडे सांगतात.

उन्हाळ्यात भर दुपारी वीज जाई. हवेचा पंप बंद पडला की माशांचा जीव घाबरा होतो. आत्या स्टुलावर बसून लोट्याने टाकीतलंच पाणी उचलून उंचावरून परत सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. त्या वेळी जो दारात येईल त्याच्या हातात लोटा जाई. पोस्टमन, गॅसवाला, माझा नवरा. एकदा कुट्टिकाका लग्नाची पत्रिका द्यायला आले आणि सापडले. शर्ट काढून, बनियनवर, वीज येईपर्यंत पाणी ओतत बसले.

"कुट्टी, हात थांबला."

"दुखतो, अक्का."

"मग डावा घे. दोन दिलेत ना?"

काकांनी डावा घेतला. त्या दिवशी एकही मासा गेला नाही. काका जाताना फ्रिजला वळसा घालूनच गेले.

गेल्या वर्षी पावसाच्या आधी तिने ठरवलं की दुसरं मोठं पिंप घ्यायचं आणि नळाचं पाणी बंदच करायचं. पिंपाची जागा मोजून घेतली. मग छातीत दुखायला लागलं आणि ती आस्पत्रीत गेली. मी भेटायला गेले की विचारी, "पाणी बदललंस?" बदललं म्हटलं की म्हणे, "बेष." मला शेवटचं ती हेच बोलली. त्यानंतर ती नर्सशी बोलली, पण ते सुईवरून भांडण होतं. कार्तिगैत ती गेली.

मी रडारड करणाऱ्यांतली नाही. तेरावा झाल्यावर दुकान उघडलं, आणि मासे होतेच, म्हणून त्यांचं करत राहिले. उन्हाळ्यात दुसरं पिंप आणून तिने मोजलेल्या जागी बसवलं. यंदा पाऊस चांगला झाला, दोन्ही पिंपं भरली, आणि नळाचं पाणी तोट्टीत मी घातलंच नाही. जोडीने कूज्यावर पुन्हा अंडी घातली तेव्हा मी डासांच्या जाळीची चौकट करून मध्ये उभी केली, बाकीच्या माशांनी खाऊ नये म्हणून. या वेळी अंडी पांढरी पडली नाहीत. त्यांच्यात काळे ठिपके दिसले, मग शेपट्या हलल्या, आणि एक दिवस पिल्लं सुटून आईबापाच्या अंगाला चिकटली.

हे आत्या मला पुष्कळदा सांगायची, पण तिने ते कधी पाहिलं नव्हतं. डिस्कसची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात. आई कंटाळली की अंग झटकून पुढे निघून जाते, आणि सगळी पिल्लं बापाच्या अंगावर जातात. बाप कंटाळला की परत आईकडे. दुसरं काही ती या वयात खात नाहीत. आईबाप बिथरले, तोट्टी हलली किंवा पाणी एकदम बदललं की ते पिल्लंच खाऊन टाकतात. म्हणजे काकांचा माणूस संध्याकाळी आला असता तर पिशव्यांत मोठे मासे गेले असते आणि पिल्लं संपली असती. झाडं लावलेल्या टाकीतली पिल्लं. ज्यांच्यासाठी तिने तिरुचीच्या माणसाला शब्द दिला होता, ती.

पाणी भरून झालं. हात पुसले आणि काकांना फोन लावला.

"काका, माणूस पाठवू नका. पिल्लं झाली आहेत. तोट्टी हलणार नाही, फ्रिजही हलणार नाही."

"पिल्लं?" काकांनी विचारलं. "अक्काच्या त्या तोट्टीत?"

"त्याच तोट्टीत."

"बरं झालं. पण सुधा, श्राद्धाचं काय? वाध्यार बसणार नाहीत."

"तर श्राद्ध पापनाशमला तुमच्या घरी करा. आत्याला पापनाशमचा रस्ता माहीत आहे."

"स्वतःचं घर असताना वर्षश्राद्ध दुसरीकडे? लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक, काका? नावं सांगा."

काका म्हणाले, "तू अगदी तिच्यासारखी झालीस," आणि ते काही कौतुक नव्हतं. मी म्हटलं, पाण्यासाठी झाले, दुसरं कोणी करणारं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला. माणूस आला नाही, आणि श्राद्ध पापनाशमलाच ठरलं. तिरुचीच्या दुकानदाराला मी पिल्लांचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं की मीनपाट्टीने सांगितलेलं आहे, दुकान बंद करायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून भात लावला. आत्याला आवडायचं ते आंबट वरण केलं. तिच्या क्रमाने आधी माशांना अळ्या दिल्या. थोड्या बाजूला काढल्या. केळीच्या पानावर भात, वरण, तूप वाढलं आणि काठाला त्या अळ्या ठेवल्या. पान घेऊन गच्चीवर गेले, दोन पिंपांच्या मध्ये कठड्यावर ठेवलं आणि मागे सरून उभी राहिले.

कावळा लगेच आला. मान वाकडी करून भाताकडे पाहिलं, मग अळ्यांकडे. त्याने आधी काय उचललं ते मी तिथूनच, गच्चीवर उभी राहून, कुट्टिकाकांना फोन करून सांगितलं.