झाकलेला कप

मालाडच्या त्या हॉस्पिटलात मी बाबांना एन्डोस्कोपीसाठी अधूनमधून न्यायचो. तिथल्या मालवणी मावशी पेशंटची कवळी, चष्मा काढून सोबतच्या माणसाच्या हातात द्यायच्या. वयाचा मुलाहिजा न ठेवता सगळ्यांना अरेतुरे.

पहिल्याच वेळी त्यांनी बाबांना विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

"काही नाही."

"आणि चाय?"

"घोटभर. उपासाला चालतो ना चहा!"

"तो देवाचो उपास. ह्यो डॉक्टरचो." आणि त्यांनी सरळ पुढचा नंबर पुकारला. बाबा दिवसभर धुमसत होते.

मावशींचा स्वतःचा चहा मात्र शेवटचा पेशंट आत जाईपर्यंत खिडकीत बशीखाली झाकलेला असायचा. गार होतोय, असं मी एकदा म्हटलं तर खेकसल्या, "उपाशी माणसांसमोर माका घशाखाली उतरना नाय. तू बापाशीचो चष्मो सांभाळ."

परवा तिथेच माझी एन्डोस्कोपी होती. बाबा आता नाहीत, मावशीही रिटायर झाल्या. नव्या सिस्टरने फॉर्मवरून नजर न काढता विचारलं, "काही खाल्लंय?"

"नाही."

तिने टिक केली आणि निघून गेली. मी रिकाम्या खिडकीकडे बघून हळूच म्हणालो, "चहापण नाही घेतला."