कव्हरवरचा चावीवाला

माझे पेंटरमामा रहस्यकथांची कव्हरं रंगवायचे. कव्हरवर एकाहून एक खून, पण घरात झुरळ मारायचं झालं की भाचीला, म्हणजे मला हाक मारायचे.

"आपल्या पुस्तकांत राजकारण नसतं," त्यांचा प्रकाशक अभिमानाने सांगायचा. निवडणूक नाही, संप नाही, मोर्चा नाही. एक बंगला, एक प्रेत आणि शेवटच्या पानावर सगळं जागच्या जागी लावून देणारा गुप्तहेर. अट एकच, कव्हरवरचा संशयित बंगल्याबाहेरचा हवा. माळी, ड्रायव्हर, फेरीवाला असा कुणीतरी. "मालकाचा चेहरा टाकला तर मालक लोक पुस्तक घेतील का?" याहून धडधडीत राजकारण मला तरी ठाऊक नाही, पण मला कोण विचारतंय.

एका कथेत चावीवाला होता. आमच्या जिन्याखालीही एक चावीवाला बसायचा. भुवया दाट, आणि कधीतरी चावी घासताना कानस निसटल्यामुळे गालावर वण राहिलेला. मामांनी त्याला जरा मान वळवायला सांगितली आणि बसल्या बैठकीला चित्र उतरवलं. मागे लाल रंग, हातात चाव्यांचा जुडगा. पुस्तक आलं तेव्हा तो बिचारा हरखून गेला. त्याने ते आपल्या पेटीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं टांगलं.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू त्याला म्हणाल्या, "कुलूप खालीच आणून देते हं, तुम्ही वर नका येऊ." मग शेजारचेही तसंच म्हणू लागले. मग कुलपं दुसऱ्या गल्लीतल्या चावीवाल्याकडे जायला लागली.

आणि कथेतला चावीवाला तर निर्दोष होता. खून केला होता मालकाच्या वकिलाने. फौजदार आधी चावीवाल्याला उचलतो, गुप्तहेर त्याला सोडवतो आणि मग त्याचं नावही कुणी काढत नाही, माफी तर लांबच. पण पुस्तक वाचलं किती जणांनी? कव्हर मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं.

मामा आता जिना उतरताना मान वर करायचे नाहीत.

"मी त्याच्या पोटावर पाय दिला गं."

"मग जाऊन सांगा ना त्याला."

"काय सांगू? तुझा चेहरा परत घे म्हणून?"

शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीने प्रायश्चित्त घेतलं. पुढच्या पुस्तकासाठी आरशात बघून स्वतःलाच खुनी म्हणून रंगवलं. तोच लाल रंग, तोच जुडगा, फक्त चष्मा जास्तीचा. प्रकाशकाने ते बिनतक्रार छापलं. मामा प्रत घेऊन जिन्याखाली गेले, मागोमाग मी.

चावीवाल्याने हात पुसले आणि कव्हर निरखून पाहिलं.

"छान दिसताय साहेब. हा गुप्तहेर ना? बघूनच विश्वास बसतो."

प्रकाशकाने का छापलं, ते मला तेव्हा कळलं. मामांनाही कळलं असावं. माफी राहिली बाजूला. त्यांनी घाईघाईने त्याला आमच्या दाराचं कुलूप बदलायला वर बोलावलं, काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात.

तो आला. दार सताड उघडं ठेवून त्याने काम केलं. नव्या कुलपाच्या दोन्ही चाव्या मामांच्या हातात ठेवल्या आणि कुणी काही विचारलं नसताना आपले खिसे उलटे करून दाखवले.

"तिसरी नाहीये, साहेब," तो म्हणाला.