त्यांच्या नावाची खेप

हँडल उलटलं, यांचं मनगट मोडलं, आणि लग्नानंतर तीन वर्षांनी मला माझा नवरा मिळाला. असं बोलू नये हे मला कळतं. पण ज्यांच्याविषयी बोलायचं ते आता नाहीत, आणि ऐकून रागावणारेही एकेक करून गेले. तेव्हा जे खरं ते लिहून टाकायला हरकत नाही.

दुसऱ्या लढाईची वर्षं होती. हे नगरला एका शेठची मालाची लॉरी चालवत. माझं माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू शेतीचं. मुलगा मोटार चालवतो म्हटल्यावर वडील हरखून गेले, कारण ड्रायव्हरचा तेव्हा मोठा रुबाब होता. आईने तेवढं विचारलं, "पर घरी कदी असतो?" सगळे हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले. पुढे तीन वर्षं मला माझ्या त्या हसण्याचा राग येत राहिला.

माळीवाड्यात आमची एक खोली होती. पहाटे निघालेला माणूस रात्री कधी येईल याचा नेम नसे. पेट्रोल कूपनावर मिळे, म्हणून लॉरीच्या मागे कोळशाची भट्टी बसवली होती आणि तिच्या गॅसवर गाडी चाले. चाले म्हणजे रखडे. पूर्वी जी खेप दुपारपर्यंत उरकायची तिला आता दिवेलागण होई. आठवड्यातून एक सुट्टी असायची, तीही हे झोपून काढत. मी शेजारी निवडण घेऊन बसायची आणि झोपलेल्या माणसाकडे बघत राहायची. "उठा की हो, दोन शब्द बोला," असं किती वेळा ओठांवर आलं, पण त्यांचे ते काजळीने भरलेले डोळे बघून धीर होत नसे. त्यांच्या सदऱ्याला कोळशाचा वास असे. कितीही धुतला तरी जात नसे, आणि खरं सांगायचं तर तो जावा असं मलाही वाटत नव्हतं. दोरीवर वाळत घातलेला तो सदरा हीच काय ती दिवसभर मला सोबत होती.

लॉरी तेव्हा पुढून हँडल फिरवून चालू करावी लागे. हे काम क्लीनरचं, पण शेठने क्लीनर ठेवलाच नव्हता. क्लीनर ठेवला तर त्यालाही पोटाला द्यावं लागतं ना! हँडल धरताना अंगठा मुठीबाहेर ठेवायचा, हे ड्रायव्हर पहिल्या दिवशी शिकतो. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटून यावा म्हणून. पौषातल्या एका गारठलेल्या पहाटे, रात्री तीन तास झोपलेल्या यांनी अंगठा मुठीत घेतला. सकाळी दोघेजण त्यांना धरून घरी घेऊन आले. उजवा हात मनगटातून वाकडा झालेला, आणि तोंडावर ओशाळं हसू. दुखण्यापेक्षा त्यांना लाजच जास्त वाटत होती. "नवशिक्यासारकं केलं," एवढंच म्हणाले.

भिंगारच्या हाड बसवणाऱ्याने हाड बसवलं, आंबेहळदीचा लेप दिला आणि कामट्या बांधल्या. सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणाला. आणि शेठ म्हणाला, गाडी चालेल त्याचा पगार, घरी बसेल त्याचा नाही.

माझ्या नातवाला हल्ली आजारपणाची पगारी रजा मिळते, वर विम्याचा कागद असतो. काम बंद पडलं तरी घर चालावं म्हणून. तेव्हा यातलं काही नव्हतं. होते ते वेशीबाहेर गाड्या लावणारे सहा ड्रायव्हर आणि त्यांच्या सुट्टीचे सहा दिवस. त्यांच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. ते शेठकडे गेले आणि म्हणाले, गाडी एक दिवससुद्धा उभी राहणार नाही. ज्याची सुट्टी असेल तो ती काढील, जवळच्या खेपा द्या, राहुरी, सोनई, पाथर्डी. पण खेप यांच्या नावाची, पगार यांच्या घरी, आणि जागा यांची. शेठला गाडी चालल्याशी मतलब. त्याने पाडव्यापर्यंतची मुदत दिली. पाडव्याला यांनी शेठसमोर स्वतः हँडल मारून गाडी चालू करायची, नाहीतर गाडी दुसऱ्याला.

ही रीत त्यांच्यात जुनीच होती. तिला ते 'नावाची खेप' म्हणत. आणखी एक गोष्ट ते पाळत. त्या खेपेचे पैसे पुरुषाने पुरुषाच्या हातात द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हरची बायको पायलीभर ज्वारी घेऊन यायची आणि पैसे त्या ज्वारीत असायचे. आजारी माणसाला मान खाली घालावी लागू नये म्हणून. ती म्हणायची, "जोंधळं आनल्यात," आणि मी म्हणायची, "ठेवा." तेवढंच.

आणि हे घरी होते. रोज! सकाळी जाग आली की तिथेच होते. पहिले काही दिवस मला काय करावं ते कळेना. मी उगाच भांडी वाजवत राहायची. ते उंबऱ्यात ऊन खात बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नकला करायचे, आणि मी चुलीपुढे हसून बेजार. तीन वर्षं ज्याच्याशी संसार केला तो इतका नकल्या आहे हे मला माहीतच नव्हतं. त्यांना वांगं आवडत नाही हेही तेव्हाच कळलं. तीन वर्षं मी डब्यात वांगं देत होते आणि ते मुकाट्याने खात होते. संक्रांतीला पहिल्यांदा आम्ही एकमेकांना तिळगूळ दिला. "गोड बोल," ते म्हणाले. "बोलायला असता कुठं?" मी म्हणाले. माझी जीभ तशी पहिल्यापासूनच तिखट.

कामट्या सुटल्या तेव्हा हात बारीक झालेला. मूठ वळेना. हाड बसवणारा म्हणाला, रोज जातं ओढा, हळूहळू जोर येईल. पुरुषाने दळायचं म्हणजे शेजारपाजारी हसं, म्हणून आम्ही दार लावून दळायला बसायचो. समोरासमोर, एका खुंट्याला दोघांचे हात. ते तोंडाने गाडीचा आवाज काढायचे. "आला इमामपूरचा घाट, दुसरा गेर टाक!" म्हणत जोर लावायचे, आणि माझ्या अंगावर पीठ उडायचं. तो खुंटा धरलेला त्यांचा हात अजून मला माझ्या हाताखाली जाणवतो. इतकी वर्षं झाली तरी जाणवतो.

आता माझा गुन्हा सांगते. पंधराएक दिवसांत त्यांच्या हातात जोर येऊ लागला, आणि मी खुंटा मागे ओढून धरायला लागले. दिसेल असा नाही, थोडासाच. जातं जड लागावं एवढाच.

"आजून जडच लागतंय की गं," ते म्हणायचे.

"लागणारच. हाड मोडलंय, पापड न्हाई."

मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. पाडव्याला हँडल फिरणार नाही, गाडी जाईल. जाईना का! नगरात लाकडाच्या वखारी होत्या, तेलाचे घाणे होते. यांना लिहितावाचता येत होतं. कुठेतरी काम मिळेल, पगार कमी मिळेल, पण संध्याकाळी माणूस घरी येईल. मी चौथी पास बाई, मला वाटलं आपण किती हुशार.

पाडवा बारा दिवसांवर आला होता. त्या दिवशी दर्ग्यामागे राहणाऱ्या ड्रायव्हरची बायको ज्वारी घेऊन आली. माझ्याच वयाची, कडेवर एक मूल. त्यांच्या घरात हिंदुस्तानी बोलत, पण माझ्याशी ती आमच्यासारखंच बोलायची. हे कोपऱ्यावर पान खायला गेले होते. तिने ज्वारी ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

"भाबी, रागावू नका. एक इचारू?"

"इचारा की."

"भावजींचा हात कदी बरा हुईल?"

मी मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"मी तक्रार न्हाई करत. उद्या आमच्यावर बी येळ येईल. पर आमच्या ह्यांना दोन महिन्यांत एक सुट्टी न्हाई मिळाली. परवा जेवायला बसले अन् हातात घास धरूनच झोपले. मी घास काढून घेतला तरी जाग न्हाई." ती हसली, पण डोळे भरले होते. "माझं लगीन झालंय का न्हाई, तेच कदी कदी कळंना झालंय बघा."

मुलाला दुसऱ्या कडेवर घेऊन ती गेली. मी ज्वारीत हातही घातला नाही. इतके दिवस मला वाटत होतं की माझा नवरा मला त्या मोडक्या हाताने दिला. तो दिला होता सहा बायकांनी, आपापल्या घरातला एकेक दिवस काढून. आणि मी त्या दिवसांवर डल्ला मारून बसले होते. लाज म्हणजे काय ते त्या दुपारी मला कळलं.

दुसऱ्या दिवशी दळायला बसलो. मी खुंट्यावर नुसता हात ठेवला, ओढला नाही. यांनी नेहमीसारखा जोर लावला आणि जातं गरगरा फिरलं. पीठ पार चुलीपर्यंत उडालं. ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

"म्हंजे इतकं दिस ब्रेक दाबून चालली हुतीस व्हय?"

मला रडू फुटलं. मी सगळं सांगितलं, वखारीचं, घास धरून झोपलेल्या माणसाचं. वाटलं, आता रागावतील. त्यांनी हात उघडून बघितला, मूठ वळली, पुन्हा उघडली.

"ब्रेक दाबलेली गाडी ओढून ओढूनच ह्यात जोर आला, येडे," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, "मला आठ दिसांमागंच कळलं हुतं हात बरा झालाय त्ये. मी तरी उस्तादला कुठं सांगितलं?"

दार लावलेलं होतं आणि आम्ही दोघं पिठात बसून होतो. त्यांनाही घरी राहायचं होतं. तीन वर्षांत त्यांनी हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. मी त्याआधी आणि त्यानंतरही कधी इतकी सुखी नव्हते, आणि त्याच घडीला ठाऊक होतं की हे संपलं.

"आजच सांगून येतो," म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले.

पाडव्यापर्यंत थांबलेच नाहीत. शेठला दुसऱ्याच दिवशी बोलावलं, अंगठा मुठीबाहेर ठेवून हँडल मारलं आणि दुसऱ्या फेऱ्याला गाडी चालू झाली. मी तिथे नव्हते. बायका तिथे जात नसत. मला उस्तादांनी येऊन सांगितलं. ते स्वतःचाच मुलगा पास झाल्यासारखे हसत होते. मी त्यांना गूळ-पाणी दिलं आणि आत येऊन भाकरी बांधायला घेतल्या. डब्यात वांगं दिलं नाही.

खोली पुन्हा रिकामी झाली. पहिली तीन वर्षं मला काय नाही ते माहीत नव्हतं, आता माहीत होतं, म्हणून ते जास्त छळायचं. उंबऱ्यातल्या उन्हात मी चुकूनही पाय ठेवत नसे. एवढं एक होतं की आठवड्याच्या सुट्टीला हे आता झोपत नसत. सकाळी उठून बसायचे, चहा घ्यायचे आणि बोलायचे. त्या एका दिवसासाठी मी सहा दिवस ढकलायची.

श्रावणाच्या तोंडाला दर्ग्यामागच्या त्या ड्रायव्हरला हिवतापाने धरलं. चांगलंच धरलं, उठवेना. का धरलं, त्या बिनसुट्टीच्या राबण्याने का, याविषयी कुणी माझ्याजवळ एक अक्षर बोललं नाही. पण आपलं मन आपल्याला सोडतं थोडंच! यांनी संध्याकाळी जेवताना सांगितलं, "माझ्या सुट्टीला त्याच्या नावाची खेप हाय." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "जा की." दुसरं काय म्हणणार?

पहिल्या खेपेनंतर ज्वारी घेऊन मी गेले. दारातूनच दिसलं. तो भिंतीला टेकून बसला होता, तोंड उतरलेलं, अंगावर गोधडी. मूल त्याच्या मांडीपाशी खेळत होतं, आणि ती नवऱ्याला पेज भरवता भरवता काहीतरी सांगत होती. दोघंही हसली. मला बघून ती गडबडीने उठली, हात पुसले. चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव. तो मी लगेच ओळखला.

"जोंधळं आनल्यात," मी म्हणाले.

"ठेवा, भाबी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "चार-आठ दिसांत उठतील हां. मी सांगते त्यांना, लवकर उठा, लोकांच्या घरचा माणूस किती दिस..."

"घाई करू नका," मी म्हणाले. "पुरतं बरं होऊ द्या. आमचं काय अडलंय."

तिने माझा हात धरला. मी तिथून निघाले, माळीवाड्यात आले, कुलूप काढलं. यांची सुट्टी कालच त्या खेपेत गेली होती, आज पहाटेच पुन्हा आपली गाडी घेऊन गेले होते आणि आता पुढची सुट्टीही माझी नव्हती. मी दार लावून घेतलं आणि पोट भरून रडले.