कन्हानचा दगड आणि माझे हात

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, हास्यक्लबात जातात, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीचं जगणं हराम करतात. मी दगड गोळा करू लागलो. साधेसुधे नव्हेत, वस्तऱ्याला धार लावायचे. मोबाइलवर कुणी परदेशी गृहस्थ बेल्जियमच्या डोंगरातल्या दगडावर वस्तरा घासताना पाहिला, त्या दगडाची किंमत ऐकली आणि माझा देशाभिमान जागा झाला. बेल्जियमला डोंगर असेल, आम्हाला कन्हान नदी आहे.

रविवार आला की स्कूटरनं नदीकाठचं खापा गाठायचो. नदीच्या कोरड्या पात्रात वाकून दगड उचलायचे, ओल्या बोटानं चोळायचे, नखानं ओरखडून पाहायचे. पाणी चटकन पिऊन टाकणारा दगड तिथंच टाकायचा, अंगावर पाणी धरून ठेवणारा पिशवीत घालायचा. घरी आणून गच्चीच्या सिमेंटच्या पायरीवर घासून त्याची एक बाजू सपाट करायची. बायकोचं म्हणणं होतं की दगडाआधी पायरीच सपाट होऊन राहिली आहे.

शेवटची परीक्षा हातावर व्हायची. धार लावलेला वस्तरा मनगटाच्या वर हलकेच फिरवायचा. केस उडाले तर दगड पास, नुसते वाकले तर नापास. दाढी मात्र मी मशीननंच करत होतो. चेहऱ्याला वस्तरा लावायची हिंमत कधी झाली नाही, आणि हे मी कुणाला सांगतही नव्हतो. हातांची मात्र गोधडी झाली होती. एक चट्टा तुळतुळीत, शेजारी केसांचा पुंजका, पुन्हा चट्टा.

याच दिवसांत मुलीचं लग्न ठरायला आलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, कामठीचा. दोघांनी आपसात सगळं ठरवून टाकलं होतं. दोन्ही घरांनी एकदा एकमेकांना पाहून ‘हो’ म्हणायचं तेवढं बाकी होतं. म्हणजे सगळ्यात अवघड काम आमच्याकडे सोपवलं होतं. मुलीनं मला एकच गोष्ट बजावली, दगडांचा विषय काढायचा नाही. बायकोनं पूर्ण बाहीचा सदरा काढून ठेवला.

मे महिना होता. पाहुणे बसले, पन्हं झालं, गप्पा रंगात आल्या आणि कूलर गरम हवा फेकू लागला. पाणी संपलं होतं. घरधनी म्हणून मीच उठलो, पाइप घेतला आणि सवयीनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सरसावल्या. मुलाची आई खिडकीशीच बसली होती. तिनं आधी माझे हात पाहिले, मग माझ्या मुलीचे हात पाहिले. पन्ह्याचा ग्लास अर्धाच खाली ठेवला.

पुढे मुलाच्या वडिलांचा फोन आला. बोलणं फार गोड होतं. तुमच्याकडे कुणाला चाई आहे का, म्हणजे जागोजागी केस जायचा रोग, कोड वगैरे, तसं काही नाही, आपलं विचारून राहिलो. मुलगी शिकलेली, कमावती, मुलाला पसंत. पण तिच्या बापाच्या हातावर केस भरगच्च असावेत, ही अट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. अर्थात आम्हीही काही कमी नव्हतो. त्याच आठवड्यात माझ्या बायकोनं त्यांच्याकडे कुणाला शुगर आहे का, याची गुपचूप चौकशी लावली होती.

मुलगी भांडली नाही, तेच मला जड गेलं. न बोलता डबा भरायची आणि ऑफिसला जायची. मला त्या लोकांचा राग आला, पण त्याहून भीती जास्त वाटली. माझ्यामुळे हे मोडलं तर ती मला काहीच म्हणणार नाही, आणि जन्मभर म्हणणार नाही.

मी म्हटलं, चामडीच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतो. बायको म्हणाली, कागद कोण मानतं, तुमचं वेड त्यांना डोळ्यांनी पाहू द्या. म्हणून आम्ही तिघं वस्तरा आणि सगळ्यात चांगला दगड घेऊन कामठीला गेलो.

त्यांच्या बैठकीत मी परातीत दगड ठेवला, पाणी शिंपडलं, वस्तरा घासला. दगड पाणी का पीत नाही, हे समजावून सांगताना मी जरा रंगातच आलो होतो. बायकोनं चिमटा काढला तेव्हा थांबलो. मग बाही सरसावली. हातावर केसच नव्हते. इथं फजिती नको म्हणून आदल्या संध्याकाळी मी दगड पुन्हा तपासला होता, आणि उरलेसुरले पुंजकेही त्यातच गेले होते.

मुलाच्या वडिलांनी आपले दोन्ही हात काखेत दडवले. मुलाची आई माझ्या हातांकडे पाहत राहिली. मुलगी जमिनीकडे पाहत होती. तेवढ्यात मुलगा उठला, शर्टाच्या बाहीचं बटण काढलं आणि हात परातीवर धरला.

“काका, माह्या हातावर करा.”

मी त्याच्या मनगटावर पाणी लावलं आणि वस्तरा टेकवला. त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. तो वस्तऱ्याकडे पाहतही नव्हता, माझ्या मुलीकडे पाहत होता. मी वस्तरा हलकेच फिरवला. केस ओल्या दगडावर पडले. रक्ताचा थेंब नाही.

त्याच्या आईनं त्या जागेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ, हा रोग नाही, येडेपण हाय,” ती म्हणाली. “पण लेकरांत उतरत तं नाही ना?”

“नाही जी,” माझी मुलगी म्हणाली. “मी आईवर गेली.”

त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि चहा आला.

आठवड्याभरातच झालेल्या साखरपुड्याला बायकोनं मला पुन्हा पूर्ण बाहीचा सदरा घातला. हॉलमध्ये कूलर होते, तरी घाम निथळत होता. मुलगा आला तो बाह्या दुमडूनच. त्याच्या हातावरचा चट्टा लांबून दिसत होता. एकेक मावशी, एकेक आत्या त्याचा हात धरून विचारू लागली, काय झालं, काहून झालं. तो प्रत्येकीला नवी अंगठी दाखवावी तसा हात दाखवत होता.

“आमच्या सासऱ्यानं केलं जी.”

मी कोपऱ्यात उभा होतो. डोळे भरून आले, ते बाहीनंच पुसले. मग बटणं काढली, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सरसावल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.