ऑगस्टातला समुद्र

दादा वारला त्याला सव्वा महिना झाला. पुस्तक उघडतो, दोन ओळी वाचतो, उठतो. अंगणात जाऊन येतो. परत तेच पुस्तक. त्याच्या ट्रंकेत माझी जुनी पत्रं सापडल्यापासून हे असं चाललं आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो आखातात गेला. हिंगणघाटला गिरणीत फिटर होता. तिकडे वाळवंटाच्या कडेला एका बंदरात कामाला लागला. आमचं गाव समुद्रपूरजवळ, समुद्र फक्त नावातच. पोस्टमन पाकीट देताना हटकून म्हणायचा, "समुद्रपूरवाल्याले खरा समुद्र भेटला एकदाचा! तुम्ही बसा इथं स्टँडावर लाटा मोजत."

पत्र मी आईला वाचून दाखवायचो. दादा समुद्राबद्दलच जास्त लिहायचा. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा तो पोहायला जाई. जानेवारीत पाण्यात शिरताना दात वाजतात, तिकडचे लोक तर फिरकतही नाहीत. मार्च-एप्रिलात पाणी झकास. मे संपला की कोमट, आणि त्यात काचेसारखे लिबलिबीत प्राणी येतात, अंगाला लागले की चटका बसतो. ऑक्टोबर सरता सरता पुन्हा पोहावंसं वाटतं. आईला समुद्राची धास्ती, म्हणून हा सगळा मजकूर मी गाळायचो.

एका ऑगस्टात 'तब्येत बरी आहे' एवढं वाचून मी पत्र मिटलं. आई म्हणाली, "दोन पानं हायेत, बाबू. वाचलं तू एकच. मले वाचता नाई येत, मोजता येते."

मग वाचलं. सध्या पाणी बंबातून काढल्यासारखं आहे, अगदी पहाटेसुद्धा. बुडी मारली तरी खाली तेच. बाहेर आलो तर अंग आणखी चिकट.

आई घाबरेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. तिला ठाऊक होती ती आमची विहीर, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट. दादा त्याच विहिरीत पोहायला शिकला होता. मे महिन्यात त्याला हाका मारून बाहेर काढावं लागे.

"पाणीबी तापलेलंच?" ती म्हणाली. "मंग माह्या लेकराले गार व्हायले जागा कोठी हाय? लिही त्याले. ये म्हणा."

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, दादाच्या जिवावर चाललेलं. मी लिहिलं, 'आई म्हणते, येजो.'

आमच्या बोलीत 'ये' म्हणजे आत्ता. 'येजो' म्हणजे सवडीनं, जमेल तेव्हा.

"लिहिलं काय?"

"लिहिलं."

दिवाळी झाली, संक्रांत झाली. एसटीचा आवाज आला की आई ओट्यावर यायची, उतरलेली माणसं पांगेपर्यंत उभी राहायची. त्या हिवाळ्याच्या शेवटी ती तापानं गेली.

दादा तेरवीला पोचला. जेवणं आटोपल्यावर विहिरीच्या खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसला. मी मागे उभा.

"येजो लिहिलं होतं तू," तो म्हणाला. "मले वाटलं, घाई नाई. आईच्याच तोंडचा शब्द होता ना?"

"हो."

पुढे कधी त्यानं तो विषय काढला नाही, मीही नाही.

काल ट्रंकेतलं ते पत्र टेबलावर पसरलं आणि ब्लेडनं 'येजो'मधला 'जो' खरवडायला बसलो. कागद जुना होता, फाटला.

उठलो. अंगणात जाऊन आलो.